तळमजल्यावरून आलेलं चित्र

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या अंगावर कांजिण्या उठल्या. भाईंदर पूर्वेच्या त्या नर्सिंग होममध्ये अशी बाळं तळमजल्यावर काचेच्या पेट्यांत ठेवायचे. मला तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत टाकलं. "फोड सुकेपर्यंत बाळाजवळ जायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर मी तिचे फक्त पाय पाहिले होते, नर्स घेऊन धावताना.

मी जेवण सोडलं. "ती गेलीय, तुम्ही सगळे लपवताय," असं ह्यांना सारखं म्हणायचे. हे तेव्हा मीरा रोडला घरोघरी केबल जोडायचे. एका दुपारी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा, व्हीसीआर, वायरचं भेंडोळं आणि आमचा टीव्ही घेऊनच आले. डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडले. कॅमेरा व्हीसीआरला जोडून पेट्यांसमोर ठेवला, वायर जिन्याच्या कठड्याला बांधत वर आणली. पडद्यावर दोन पेट्या दिसल्या. उजवीकडची माझी. चित्र फिकट होतं, पण छाती वरखाली होताना कळायची. त्या दिवशी मी दोन चपात्या खाल्ल्या.

डावीकडची पेटी शेजारच्या खोलीतल्या ताईंची. त्या गोडदेव गावच्या. सिझेरियननंतर ताप उतरत नव्हता, उठवत नव्हतं. आमच्यामध्ये प्लायवूडची भिंत. तिच्यातून त्या विचारायच्या, "माझी पोर हालते का गो?"

"हलतेय, ताई."

दर दहा मिनिटांनी तेच. शेवटी मीच ह्यांना म्हटलं, त्यांनाही टीव्ही जोडून द्या. त्यांच्या नवऱ्याने घरचा टीव्ही आणला, ह्यांनी एका वायरीच्या दोन करणारा स्प्लिटर लावला, आणि दोन्ही पडद्यांवर नुसत्या मुंग्या. लांब वायरीत आधीच थकलेलं चित्र आता दोघींत वाटलं गेलं होतं. चित्राचा जोर वाढवणारा बूस्टर वरती खोलीत लावला तर मुंग्याच वाढल्या. खाली कॅमेऱ्यापाशी लावला तेव्हा जरा सुधारलं. पेट्या ओळखू यायच्या, श्वास नाही.

हललं ते बाळ की मुंग्या, कळेना. एकदा मला वाटलं, थांबलंच सगळं. मी भिंतीवर मुठी मारल्या. "ताई, माझी हलतेय का?"

"हालते, हालते. रडू नको."

त्यांना तरी काय दिसत होतं! संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "त्यांची वायर काढा." हो, म्हणाले मी तसं.

"मी नाही काढणार," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर पाठीच पाठी दिसल्या. त्या बाजूला झाल्या तेव्हा डावीकडची पेटी रिकामी होती. ताईंनीही तेच पाहिलं होतं.

दुपारी हे त्यांचा टीव्ही काढायला गेले. मला सगळं ऐकू येत होतं. "न्हाय, राहू दे," त्या म्हणाल्या. "तुमची दिसते ना? तिला बघते."

घरी जाईपर्यंत, तीन दिवस, त्या माझ्या मुलीकडे बघत होत्या. त्या गेल्यावर ह्यांनी स्प्लिटर काढला. चित्र लख्ख झालं, मुलीची बोटंसुद्धा मोजता आली. मला बघवेना. मी टीव्ही बंद करायला सांगितला.

पुढच्या आठवड्यात फोड सुकले आणि मी खाली जाऊन तिला हातात घेतलं. ती जगली. गोडदेव आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मुलीला घेऊन ताईंकडे एकदाच निघाले होते, केबिन रोडवरूनच परत फिरले.