उत्तन: बस्त्यावच्या वर्षाच्या मिस्सेआधी

आग्नेसताईंनी शेवटची ओळ खोडली, पुन्हा लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘देवाला तो हवा होता, म्हणून त्याने त्याला बोलावून घेतलं.’

“हे देवळात वाचलं तर माझी भावजय उठून जाईल,” त्या म्हणाल्या. “नाही वाचलं तर बाकीचे म्हणतील, बहिणीची श्रद्धा उडाली.”

त्यांचा भाऊ बस्त्याव वर्षापूर्वी समुद्रात गेला. होडी परत आली, तो आला नाही. वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली त्याच्या स्मरणाची उपासना, दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि त्याच्याविषयी ताईंनी चार शब्द वाचायचे होते. भावजय फिलू तेव्हापासून देवळात गेली नव्हती. उद्या तिने यावं, एवढंच ताईंना हवं होतं.

मीरा रोडच्या शांती नगरमध्ये ख्रिस्ती लेखकांचं एक दिवसाचं शिबिर होतं. मी नाशिकहून मार्गदर्शक म्हणून आलो होतो. (गाडीने येणार असाल तर पहाटे निघा. घोडबंदर रस्त्याच्या चढावर ट्रकांमागे बराच वेळ जातो.) शिबिरात शेजारी बसलेल्या तरुण पास्टरने कागद वाचला.

“ताई, ही ओळ प्रत्येक श्रद्धांजलीत असते. फक्त नाव बदलतात.”

“मग तुम्ही द्या ना नवी.”

त्याने कागद माझ्याकडे परत दिला. फिलूलाच वाचून दाखवू, असं मी सुचवलं.

दुपारी शिबिर संपल्यावर ताई आणि मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. तिकीट स्वस्त, रस्ता अरुंद. मिठागरं मागे पडली की वळणांनंतर समुद्र दिसतो. उत्तनला ताईंकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी खाल्ली. तिथे कोणाशी ओळख नसेल तर जेवण भाईंदरलाच उरकून घ्या.

जवळच किनाऱ्यावर फिलू बांबूंवर वाळत घातलेले बोंबील उलटत होती. ताईंनी उभ्यानेच वाचलं. ‘शांत, मनमिळाऊ, प्रार्थनाशील.’

“ह्यो कोण?” फिलू म्हणाली. “शांत? जाळं गुंतलं तर सगळ्या बंदराला ऐकू जायचं.”

“त्याच्या शिव्या देवळात कशा वाचू, गो?”

“मंग वाचू नको.”

ताईंनी शेवटची ओळ वाचली. फिलूचे हात थांबले.

“देवाला हवा व्हता. आन मना नको व्हता?”

मग ताईंनी ओळ खोडली आणि तिथेच खाली बसल्या. “सांग तू.”

फिलू कामावरची नजर न काढता सांगत गेली. तो भांडायचा. भांडण झालं की दोन दिवस बोलायचा नाही, तिसऱ्या दिवशी सगळ्यात मोठं पापलेट विकायचं सोडून घरी आणायचा. ताई लिहीत होत्या. शेवट काय करायचा, हे त्यांनी मला विचारलं नाही. फिलू उद्या येणार का, हेही तिला कोणी विचारलं नाही.

रात्री नाशिकला पोहोचलो. शिबिरासाठी मी बरेच मुद्दे काढले होते: नियमित लिहा, संपादकाचं ऐका, बायबलचं वचन जपून वापरा. ते चुकीचे नाहीत. पण जे ख्रिस्ती मित्र लिहितात, त्यांना आता आधी एवढंच सांगेन. दुःखाविषयी लिहिलंत तर ते ज्याचं आहे त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. तो थांबेल तिथे तुम्हीही थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. फिलू मिस्सेला आली नव्हती. त्यांनी भांडणं आणि पापलेटासकट नवं पान वाचलं आणि तशाच तिच्या घरी गेल्या. तिने एकच विचारलं, “लोक हसले काय?”

“हसले,” ताई म्हणाल्या.