काढून टाकलेले दोन बफर

कंपनीत तोंडावर तिला सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'ठिणगी'. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि तो गिळायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तरी रेडिओ बनवणाऱ्या त्या कारखान्याने घरगुती कॉम्प्युटर काढायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या पोटातलं सर्किट आखायला धाकट्या मालकांना तिच्याशिवाय कुणी सुचलं नाही.

आठ बिटांचा प्रोसेसर, कीबोर्ड त्याच डब्यात, पडदा म्हणून घरातलाच टीव्ही. त्या पडद्यानेच तिला रडवलं. प्रोसेसरला आणि पडद्याला एकच मेमरी वापरायची होती, आणि दोघांनी एकदम हात घातला की पडद्यावर पांढरे ठिपके उसळायचे. तिने खपून दोघांच्या पाळ्या अशा लावल्या की प्रोसेसर जरा मान वळवतो तेवढ्यात पडदा आपलं वाचून घ्यायचा. ठिपके गेले, तेव्हा ती जिन्यात जाऊन एकटीच हसली.

डब्याच्या मागे प्रिंटर वगैरे लावायला एक जोड होता. त्याच्या आत तिने बफर नावाच्या दोन चिपा बसवल्या होत्या. दारावरचे पहारेकरीच ते. बाहेरून काही वेडंवाकडं आलं तर त्यांनी ते अंगावर घ्यायचं, प्रोसेसरला झळ लागू द्यायची नाही.

मग तिच्या आईचं ऑपरेशन निघालं. रजेवरून ती परत आली, तर सर्किटचा बोर्ड बोटभर आखूड झाला होता.

"बफर कुठायत?" तिने बोर्डाचे नकाशे काढणाऱ्याला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "डब्याचा साचा तयार होऊन आला, बाई. बोर्ड आत मावेना. मालक म्हणाले, मागच्या दोन चिपा काढा आणि प्रोसेसरच्या रेघा थेट जोडापर्यंत न्या."

तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक केबिनमध्ये शिरली.

"चालू मशीनला कुणी प्रिंटर लावला तर प्रोसेसर जळेल!"

"आधी मशीन बंद करा, असं पुस्तिकेत ठळक छापतोय की," धाकटे मालक म्हणाले. "डबा बघा ना किती नाजूक झालाय."

"घराघरांतली पोरं वापरणार हे. ती काय पुस्तिका पाठ करून बसणार आहेत?"

"बाई, तुम्ही फार बाऊ करता."

तिने आदळलेलं दार कारखानाभर ऐकू गेलं. पण डबे बाजारात गेले, शाळांमध्येही गेले.

एका दुपारी भावाचा फोन आला. "तुझ्या भाचीने शाळेतला कॉम्प्युटर जाळला म्हणतायत. तिला वर्गाबाहेर उभं केलंय. तू येतेस का?"

ती पोचली तेव्हा पोरगी व्हरांड्यात भिंतीला चिकटून उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"आत्या, मी फक्त वायर लावली गं."

ठिणगीने डबा उघडला. वरून काहीच दिसत नव्हतं, पण प्रोसेसर मेलेला होता. ती मुख्याध्यापिकेसमोर जाऊन उभी राहिली. "हे तिने नाही, आमच्या कंपनीने जाळलंय. मीच आखलंय ते मशीन."

"पण कंपनीचा माणूस तर म्हणाला, चुकीच्या हाताळणीनेच असं होतं," मुख्याध्यापिका थंडपणे म्हणाल्या. "मुलांना धाक हवा, असंही म्हणाला."

म्हणजे कंपनीतल्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून ते पोरांच्या माथी मारत होते!

पुढच्याच आठवड्यात विक्रेत्यांचा मेळावा होता. धाकटे मालक मशीनचं कौतुक सांगत असताना ठिणगी उठली आणि पुढच्या रांगेतल्या एका विक्रेत्याला म्हणाली, "या, मशीन चालू आहे. एवढा प्रिंटर लावा."

त्याने लावला. काहीच झालं नाही. मालक हसले, सभागृहही हसलं.

"काढा. परत लावा."

या वेळी पडद्यावर कचरा पसरला आणि सगळं गोठलं. मशीन पुन्हा चालू केलं, तर पडदा कोराच.

"बाई, हा तमाशा बंद करा!"

"मी कुठे काय केलं? यांनी फक्त वायर लावली. आता यांनाही व्हरांड्यात उभं करा!"

संध्याकाळी तिला काढून टाकलं. विक्रेत्यांनी डबे परत धाडले. कंपनीने पुढच्या मॉडेलमध्ये गुपचूप बफर घातले, आणि जाहिरातीत फोटो आला धाकट्या मालकांचा. ठिणगीने भाड्याच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडलं. मागच्या जोडावर बसेल असा दोन बफरांचा छोटा बोर्ड बनवला आणि शाळोशाळी जाऊन स्वतःच्या हाताने लावून दिला. भाचीच्या शाळेतही लावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बरं झालं. आता झालं गेलं विसरू या." पोरीला मात्र चकार शब्दाने कुणी 'चुकलं आमचं' म्हटलं नाही.

"किती वर्षं धुमसणार आहेस?" भाऊ अजून विचारतो.

भाची आता एका मोठ्या ऑफिसात आहे, चांगल्या हुद्द्यावर. तिथे यंत्र अडकलं, दिवे गेले, काहीही बिघडलं की तिच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "मी नाही केलं." परवा जेवताना तिने ते हसत हसत सांगितलं. सगळे हसले. ठिणगी ताटावरून उठून गेली.