दुसऱ्या हाफची पाळी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. पण त्या पदवीच्या शेवटच्या वर्षी मी एक गोष्ट केली, ती मात्र वर्षानुवर्षं कुणाला सांगितली नाही.

परभणीच्या आमच्या कॉलेजात क्रिकेटला झुंबड असायची. फुटबॉलला कसेबसे चौदा जण. मी कॅप्टन. उजव्या बाजूनं धावणारे दोघे होतो, मी आणि ताडकळसहून रोज एसटीनं येणारा माझा मित्र. दोघांचाही पाय आठ नंबरचा आणि त्या मापाचा बुटांचा जोड एकच. म्हणून खेळाच्या सरांनी ठरवून दिलं होतं, एका मॅचला पहिला हाफ त्याचा, दुसरा माझा. पुढच्या मॅचला उलट. हाफटाइमला कडेला बसून एकानं बूट काढायचे, दुसऱ्यानं घालायचे. आत घामाची ओली ऊब असायची.

"पंख्याखाली वाळवून देऊ का, नवरदेव?" तो चिडवायचा.

त्या मोसमात आम्ही जिंतूरला जिंकलो, सेलूत पेनल्टीवर निसटलो आणि फायनलला आलो. सामना आमच्याच मैदानावर. दुसऱ्या हाफची पाळी त्याची होती.

दुपारी सरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "विद्यापीठाच्या टीमसाठी निवड समिती नांदेडहून निघालीय. पण उशीर होतोय त्यांना, दुसरा हाफच बघतील. पोरांना सांगून ठेव."

मी पोरांना सांगितलं नाही.

मित्राला म्हणालो, "आज तू पहिला खेळ."

"आज तर माझा दुसरा हाय."

"पाचची एसटी गेली तर साडेसातपर्यंत स्टँडवर बसशील. घरी म्हशीच्या धारा कोण काढणार, तुझी म्हातारी आई?"

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "लय काळजी करतोस रे माझी."

त्या पंचेचाळीस मिनिटांत तो जसा खेळला, तसा मी जन्मात खेळलो नाही. दोन गोल केले. कडेला समितीसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. हाफटाइमला त्यानं बूट माझ्याकडे सरकवले, पायात चपला अडकवल्या आणि पिशवी काखेत मारून स्टँडकडे पळाला. दुसरा हाफ सुरू झाला आणि समितीची जीप फाटकातून आत आली.

खोटं कशाला बोलू, मीही बरा खेळलो. एक गोल केला. आम्ही जिंकलो. मग समितीतल्या एकानं सरांना विचारलं, "पहिले दोन गोल कुणाचे? त्याला बोलवा, जरा पळवून बघू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"गेला सर. घरी काम होतं त्याला."

उद्या सकाळी बोलावू का, हे माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. तिथंच जीपच्या बॉनेटवर यादी झाली. माझं नाव लागलं.

विद्यापीठाकडून खेळलो, खेळाडूंना देतात तो कलर कोट आणि प्रमाणपत्र मिळालं. बीपीएडच्या प्रवेशाला ते प्रमाणपत्र कामी आलं आणि मी शाळेत खेळाचा शिक्षक झालो. मित्रानं ताडकळसला मोटरसायकलचं गॅरेज टाकलं. बाजारच्या दिवशी मी तिथं थांबायचो. दर वेळी तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "हे आमचे कॅप्टन. माझी एसटी चुकू नये म्हणून सवताची पाळी बदलली यांनी! कोण करतंय एवढं?" मी हसायचो. लगेच दुसरा विषय काढायचो.

मध्यंतरी एका बाजारच्या दिवशी गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. तो चेन घट्ट करत होता. मी म्हणालो, "त्या दिवशी समिती दुसऱ्या हाफला येणार, हे मला दुपारीच माहीत होतं."

त्याचा पाना थांबला. "सरांनी सांगितलं होतं?"

"हो. सगळ्यांना सांग म्हणाले होते."

त्यानं पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मला थांब म्हणायचं होतंस. थांबलो असतो की मी. म्हशीचं काय, शेजारच्या काकूनं काढल्या असत्या धारा."

मला माफी मागायची होती. तयारी करूनच गेलो होतो. पण त्यानं पुन्हा पाना लावला आणि चेनकडे बघतच म्हणाला, "जरा सरक तिकडं, उजेड आडवायलास."

मी सरकलो. थोडा वेळ उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही, तेव्हा बाहेर येऊन माझी गाडी चालू केली.

नंतरचे दोन बाजार मी ताडकळसला गेलेलो नाही.