फोटोच्या बाजूचे टायर

दुकानात आला की तो आधी टायरवर वाकायचा आणि कलिंगड वाजवून बघतात तसं बोटाच्या पेराने टकटक करायचा. कान लावून ऐकायचा. मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "जीव आहे गो बाय अजून."

टायर वाजवून काही कळत नाही, हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. टायर नखाने दाबून बघायचा असतो, त्यावर छापलेलं वर्ष वाचायचं असतं. तो मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला परत टकटक. तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल. सगळं ऐकून घेणारं आणि काहीच न ऐकणारं.

आमचं टायरचं दुकान अंधेरी पूर्वेला, मरोळमध्ये. सासऱ्यांनी काढलेलं. नवऱ्याला बँकेची नोकरी सोडवेना म्हणून गल्ल्यावर मी बसले, ती अजून बसलेय. हा टकटक करणारा आमच्या मागच्या गावठाणातला. दारात फणसाचं झाड आणि फणसाखाली ताडपत्रीने झाकलेली लाल गाडी. टप उघडणारी, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी, जुनी विदेशी स्पोर्ट्स कार. पुढे दोन सीट, मागे नावापुरती जागा. कितव्या हाताची होती कोण जाणे. ती लग्नांना भाड्याने द्यायची, हा त्याचा धंदा. पांढरे हातमोजे घालून तो स्वतः चालवायचा. नवरा-नवरी मागे उंचावर बसायची आणि हा पुढे ताठ मानेने चाक धरून.

वरातीतली गाडी म्हणजे बँडवाल्यांच्या चालीने जाणार. त्यामुळे टायर झिजायचेच नाहीत. नुसते उन्हात उभे राहून शिळ्या पावासारखे कडक व्हायचे. एकदा बाजूला बारीक तडे दिसले, तेव्हा मीच म्हटलं, आता बदल.

"स्वस्तातले टाक," तो म्हणाला. "मला वरातीत जायचंय, शर्यतीत नाय."

मुद्दा चुकीचा नव्हता. मी उगाच महागाचा माल गळ्यात मारणारी नाही. म्हटलं, "चारही स्वस्तातले घे, पण मग गाडी पळवायची नाही. पळवणार असशील तर चारही चांगले घे."

त्याने दोन्ही प्रकारचे टायर शेजारी उभे करायला लावले. चांगला हाताला मऊ, पाणी बाहेर फेकायला खोल चर असलेला. स्वस्तातला काळा कुळकुळीत आणि लाकडासारखा टणक. त्याने दोन्ही वाजवले. मग गाडीभोवती फिरला आणि डावीकडे येऊन थांबला.

"दोन दोन टाक."

"पुढे दोन, मागे दोन?"

"नाय गो. डावीकडे चांगले, उजवीकडे स्वस्तातले. नवरी डावीकडनं उतरते. फोटोवाले सगळे डावीकडे उभे असतात. उजवी बाजू कोण बघतंय?"

मी हसले. तो हसला नाही, तेव्हा माझंही हसू गेलं.

"एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा घाल आणि ओल्या फरशीवर पळून दाखव," मी म्हटलं. "जोरात ब्रेक दाबलास की एक बाजू रस्ता धरणार, दुसरी घसरणार. गाडी भोवऱ्यासारखी फिरेल. आणि तुझ्या या म्हातारीत आपोआप सावरणारं कुठलं यंत्रही नाही."

"बैलगाडीच्या चालीने जातो मी. फिरेल कशाला?"

"मी नाही बसवणार."

"लय घाबरतेस तू. टायरवालीच एवढी घाबरली तर गिऱ्हाईक कसं येणार?"

त्याने ते दुसरीकडून बसवून घेतले, तसेच, डावे-उजवे. आणि नाताळच्या तोंडावर हवा भरायला माझ्याकडेच आला, डबाभर घरची तळलेली गोड कुलकुलं घेऊन. राग धरणारा माणूस नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. निदान मला दर खेपेला ती गाडी बघावी लागली नसती.

मग गोरेगावच्या एका स्टुडिओतून त्याला बोलावणं आलं. कुठल्याशा गाण्यासाठी लाल उघडी गाडी हवी होती. जोरात आणायची आणि कॅमेऱ्यापुढे ब्रेक मारायचा, एवढंच काम. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, तरी मी पहिला प्रश्न विचारला, "रस्ता ओला करणार आहेत का?"

"करतात ना. टँकरने पाणी मारतात. दिव्यांची चमक येते."

"मग जाऊ नको."

तो हवेचा पाइप हातात धरून उभा राहिला. "बाय, एवढी लग्नं केली मी. प्रत्येकाच्या आल्बममध्ये माझी गाडी आहे. मी कुठल्याच फोटोत नाय. कापून टाकतात मला. या वेळी मी दिसणार."

मी पाइप त्याच्या हातून घेतला आणि हवा तेवढी बरोबर भरून दिली.

दुसऱ्या दिवशी तो मोबाइल नाचवत आला. "बघ, बघ!" लाल गाडी लांबून येते, ब्रेक लागतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. पाण्याचा पंखा उडतो. कॅमेरावाल्यापासून हातभर अंतरावर ती थांबते, त्याच्याकडे पाठ करून. मग टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी ओरडतं, "झकास! वन मोर!"

मी त्याला तो तुकडा परत लावायला सांगितला. पांढऱ्या हातमोज्यांमुळे हात स्पष्ट दिसत होते. गाडी डावीकडे फिरत होती आणि हात जिवाच्या आकांताने चाक उजवीकडे ओढत होते.

"तू नाही फिरवलीस," मी म्हटलं.

त्याने मोबाइल खिशात टाकला. "कोणाला बोलू नको."

"आणि वन मोर?"

"केलं की. सांगितलं तेवढ्या वेळा केलं. मी फक्त ब्रेक दाबतो. बाकी गाडीच करते."

त्यानंतर वराती मागे पडल्या. जाहिराती, गाणी, मालिकेतला खलनायक पळून जातो तो प्रसंग, सगळीकडून त्याला फोन. कोणी शिकवलेलं नसताना या वयात गाडीला असली फिरकी देणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं. गावठाणातली पोरं त्याला 'फिरकी अंकल' म्हणायला लागली. घरातल्या भिंतीवर त्याचा फोटो लागला, गाडीसकट. चुकीचे टायर बसवण्याचं कोणी एवढं कौतुक केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. माझ्या धंद्यात चूक झाली की गिऱ्हाईक भांडायला येतं. इथे चुकीला हार घालत होते. उजवीकडचे झिजले तेव्हा त्याने अगदी तसेच टणक शोधून आणले.

हवा भरायला येत राहिला. मी दर वेळी एकच वाक्य बोलायची, "चारही सारखे कर." तो दर वेळी म्हणायचा, "करू गो." एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. डावीकडचे टायर तो पूर्वीसारखेच वाजवायचा. उजवीकडे जायचाच नाही.

एका रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून त्याची बायको दुकानात आली. एरवी रस्त्यात हसून पुढे जाणारी बाई. त्या दिवशी स्टूल ओढून बसली.

"झोपेत हात फिरवतो," ती म्हणाली. "दोन्ही हात, असे. चाक धरल्यासारखे. उजवीकडेच ओढत असतो. मी धरायला गेले तर मलापण ओढतो. तू सांग ना त्याला. तुझं ऐकतो तो."

"माझं? माझं ऐकलं असतं तर तू आज इथे बसली नसतीस."

"घरी रोज तुझंच असतं. टायरवाली हे म्हणते, टायरवाली ते म्हणते."

हे मला नवीन होतं. म्हटलं, "पाठवून दे त्याला."

तो आला. वाकला नाही, काही वाजवलं नाही. गल्ल्यापाशी येऊन म्हणाला, "चार चांगले मागव. चारही."

त्या मापाचे टायर कुठल्याच दुकानात ठेवलेले नसतात, मागवावे लागतात. मी त्याच्यासमोरच फोन लावला. मग म्हटलं, "येईपर्यंत गाडी ताडपत्रीखाली."

"एक काम घेतलंय. तेवढं झालं की बसवू."

"ते सोडून दे."

"शब्द दिलाय. त्यांना फिरकी पाहिजे. चांगले टाकले तर फिरणार कशी?"

इतक्या दिवसांत त्याने टायरबद्दल बोललेलं हे पहिलं बरोबर वाक्य. मी त्याला सरळ विचारलं, "भीती वाटते का?"

तो बाहेर उभ्या गाडीकडे बघत राहिला. "फिरायला लागली की मी 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणायला घेतो. आधी ते पहिले दोन शब्द म्हणेपर्यंत थांबायची. आता त्यानंतरच्या 'कृपापूर्णे'च्याही पुढे जातो."

मी त्याला गाडी दुकानात ठेवून जा म्हटलं. रागावून म्हटलं, मग समजावून म्हटलं. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला, स्वतः घेतला नाही, आणि गाडीत जाऊन बसला. हातमोजे घालताना एक बोट चुकीच्या जागी गेलं. ते त्याने पुन्हा नीट घातलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या दुकानदारांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ओला रस्ता, लाल गाडी, फिरकी. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'काय कंट्रोल आहे यार!' त्याखाली अंगठ्यांची रांग. गाडी फिरत फिरत जाते, कडेला उभ्या असलेल्या टँकरची निळी बाजू चौकटीत येते आणि व्हिडिओ तिथेच संपतो. मी तो परत लावला नाही. त्याला फोन लावला. वाजत राहिला.

दुपारी गावठाणातल्या चर्चची घंटा सुरू झाली. एक ठोका, मग लांब थांबा, मग दुसरा. गावठाणातलं कोणी गेलं की ती अशी वाजते, हे मरोळमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. समोरचा भाजीवाला हातातला तराजू खाली ठेवून उभा राहिला. मीही उठले.

घंटा चालू असतानाच दुकानासमोर टेम्पो लागला. ड्रायव्हरने टायर एकेक करून उतरवले. नवे कोरे, कागदाची पट्टी गुंडाळलेले, मऊ, खोल चरांचे.

"फार महागातले मागवलेत," तो म्हणाला. "पार्टी केव्हा येणार बसवायला?"

"आत ने," मी म्हटलं. "चारही एकाच जागी ठेव."