शंभर वर्षं टिकणारं घर

एका बाईला मिळायचं घरकुल मी नुसतं कौतुक करून घालवलं. तेव्हा मी पन्नाशीला आले होते, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. पण खांद्याला शबनम, गळ्यात कॅमेरा आणि हातात मोजायची टेप असली की माणसाला अकलेची गरज वाटत नाही.

गोंदियाच्या कॉलेजात शिकवून उरलेला सगळा वेळ मी धानपट्ट्यातली जुनी घरं मोजण्यात घातला. १९९९ साली नागझिऱ्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात हे घर सापडलं. जाड मातीच्या भिंती, येनाच्या लाकडाचे खांब, पुढे गारेगार सपरी, म्हणजे ओसरी, वर कुंभाराच्या हातचे कवेलू, म्हणजे कौलं. मी प्रेमातच पडले. घरवाली माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी खांब मोजायची, ती टेपचं दुसरं टोक धरून हसायची. "मॅडम, हे मोजून मोजून कोनाले विकता?"

घराबद्दल ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: माकडं. जंगलातून टोळी आली की छपरावर नाचायची, अर्धे कवेलू फोडायची. दर उन्हाळ्यात सगळे कवेलू उतरवायचे, फुटके काढायचे, पुन्हा फेरायचे. नवऱ्याची कंबर त्यातच गेली होती. "मले सिमेटाचं पाह्यजे. मंग नाचू दे माकडाले, त्याच्या बापाले पन नाचू दे!" मीही हसले. माझ्या नोंदींत कवेलूची लांबी होती, जाडी होती, बाक होता. माकडं नव्हती.

काही वर्षांनी गावात ग्रामसभा भरली. घरकुलाची नावं ठरायची होती आणि तिचं नाव वर होतं. मी त्या दिवशी गावातच होते. पंचायत समितीच्या साहेबांनी मला पुढे बोलावून खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला. बावळट बाई खूश! मग साहेब गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आप तो एक्सपर्ट हो. या बाईच्या घराची हालत कशी आहे, जरा सांगा ना सगळ्यांना."

सांगितलं ना! भिंतींची जाडी सांगितली, मे महिन्यातला गारवा सांगितला, आणि शेवटी हात उंच करून म्हणाले, "हे घर अजून शंभर वर्षं हलणार नाही!"

ती समोरच बायांमध्ये बसली होती. आपल्या घराची स्तुती चाललेली पाहून तोंडाला पदर लावून हसत होती. साहेब सभेकडे वळले. "सुन लिया? मॅडमच म्हणून राहिल्या. ज्याचं घर शंभर वर्षं टिकते, त्याले घरकुल कायले?" तिचं नाव खाली गेलं, भलत्याचंच वर आलं. पदर तिच्या तोंडावर तसाच राहिला. हसू मात्र गेलं होतं.

त्या साहेबाची आठवण आली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याला घरांतलं काही कळून घ्यायचं नव्हतं. शाल पांघरलेली एक मूर्ख हवी होती, ती त्याला एका नारळात मिळाली. पण मी तिथल्या तिथे उठून "थांबा" म्हणू शकले असते. नाही म्हणाले. शाल छान होती.

एवढ्यावर भागलं नाही, पुढे नागपूरच्या एका परिसंवादात त्याच घराचा नकाशा दाखवून टाळ्या घेतल्या. पुढच्या रांगेतले एक सद्गृहस्थ गहिवरले, "अशी घरं टिकली पाहिजेत हो!" कोणी टिकवायची? तुमची बायको चढते का कवेलू फेरायला? पुढे जंगलाजवळ कुणीतरी पर्यटकांसाठी मातीच्या खोल्या बांधल्या, त्याही पाहून आले. वर कवेलू, आत एसी, आणि कवेलूंच्या खाली चक्क स्लॅब! पैसेवाल्याला माती हवी, पण सिमेंटावर घातलेली. आणि जिला सिमेंट हवं, तिने जन्मभर माती सारवावी, का, तर आमचा वारसा बुडेल. आग लागो त्या वारशाला.

हे नंतरचं. ग्रामसभेनंतरच्या उन्हाळ्यात मात्र तिच्या नवऱ्याला वर चढवेना, म्हणून ती चढली. एक वासा आतून कुजलेला होता. ती कवेलूंसकट खाली सपरीत आली. शंभर वर्षं हलणार नव्हतं ना!

फाट्यावरच्या चहावाल्याकडून मला हे कळलं. सफरचंदं घेऊन गेले, जसं काही सफरचंदांनी हाड जुळतं. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. छपराला पडलेल्या भोकावर निळी ताडपत्री बांधलेली, तीही माकडांनी आधीच एका जागी फाडलेली. तिने डाव्या हाताने चहा गाळून मला दिला. मी कप हातात धरून घाईघाईने म्हणाले, "माझं चुकलं ग. मी साहेबांकडे जाते, पुढच्या सभेत पुन्हा बोलते, सगळं नीट समजावून सांगते."

ती झटकन म्हणाली, "नोको, मॅडम! आता कोन्याई गावात गेल्या त मोजमाप करजा, चाय पेजा, अन् वापस जाजा. तोंड उघडजा नोको."