अकरावीला सोडलेलं गणित

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी पुन्हा अकरावी-बारावीच्या पोरांच्या क्लासला जाऊन बसले... तेही बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असताना.

झालं असं, की आमच्याकडे हुशार पोरगी म्हणजे डॉक्टर होणार, हे ठरलेलं. दहावीचे मार्क बघून मामांनी परस्पर माझं गणित सोडून टाकलं. बायोलॉजी असल्यावर गणिताचं काय काम, असं सगळेच म्हणायचे, आणि खरं सांगते, मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं.

मेडिकलला काही नंबर लागला नाही. पुढे बायोइंजिनिअरिंगने डोक्यात घर केलं... हृदयाच्या कृत्रिम झडपा, डायलिसिसची मशिनं, असलं काहीतरी करायचं होतं. मास्टर्सची चौकशी केली, तर प्रवेशपरीक्षेत पहिलंच काय, गणित! कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स.

घरी उदगीरला मोठी माणसं उदगीर जिल्हा कधी होणार यावर तावातावाने बोलायची. मी मात्र लॉगॅरिदमपाशीच अडून बसले होते.

हिवाळ्यात लातूरच्या एका गणिताच्या सरांना भेटले. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोजकं. बसवायला जागाच नाही म्हणाले, तेव्हा नंबर देऊन हिरमुसून परत आले.

मग पाणी आटलं. होस्टेलं रिकामी झाली, बिलोली-हिमायतनगरची पोरं बॅगा भरून गावी गेली. आणि एक दिवस सरांचाच फोन... "बाक रिकामे पडून राहिलेत, ये. प्यायचं पाणी तेवढं घरून आण."

मागे राहिलेल्या पोरांत मी एकटीच ताई. सुरुवातीला लाज वाटली, पण हळूहळू गणित समजायला लागलं, चक्क आवडायला लागलं. वाईट एवढंच वाटायचं, की कुणाच्या तरी होस्टेलच्या नळाला पाणी नाही म्हणून मला ही जागा मिळालीय.

पाऊस झाला, पोरं परतली. माझं इंटिग्रेशन जेमतेम झालेलं, डिफरन्शियल इक्वेशन्स तर अख्खी बाकी. मी बसायचे त्या जागेची मुलगी दारात उभी राहिली, तशी मी वही आवरली आणि सरांना नमस्कार करून निघाले.

सरांनी फळ्याजवळची स्वतःची खुर्ची ओढून भिंतीला लावली. "बाक भरले म्हणून अर्धं गणित सोडून चाललीस व्हय? एकदा सोडलंस तेवढं लई झालं. बस इथं."

माझा सिलॅबस संपेपर्यंत सरांनी उभ्यानेच शिकवलं. गुडघेदुखीचा माणूस... एक बॅच सुटून दुसरी येईपर्यंत टेबलाला टेकायचे, पण मी उठले की डोळ्यांनीच दटावायचे.

परवा माझी ॲडमिशन पक्की झाली. तयारी कशी केली, कुठली पुस्तकं वापरली, असं सगळे विचारतायत... सांगेन हो पुस्तकंही. पण मी बसून शिकावं म्हणून एक माणूस दुखऱ्या गुडघ्यांवर उभा राहिला होता, हे आधी सांगायचंय.