चौसष्ट पाइंट वजनाची बाई

अर्ध्या तासात कोंडाबाईचं वजन बारा शेरांनी घटलं. पहिल्यांदा ती शेहेचाळीस शेर भरली होती, दुसऱ्यांदा चौतीस. दोन्ही आकडे मीच लिहून आणले होते. मानवतच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा कंपौंडर होतो. अंमल निजामाचा.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवल्या.

"कंपौंडर, ये औरत है के बर्फ?"

कोंडाबाईला रक्ताची आव होती. नवरा ज्ञानोबाने तिला देवगावकडून बैलगाडीत आणलं होतं. उपाय एमेटीनची इंजेक्शनं, रोज एक, दहा दिवस. औषध गुणकारी, पण मोजून द्यायचं. कमी पडलं तर आव थांबत नाही, जास्त झालं तर आवेआधी काळीज थांबतं. साहेबांच्या नव्या पुस्तकात हिशेब साफ होता: किलोमागे एक मिलिग्रॅम.

अडचण एवढीच की पुस्तक किलोत, औषधाची कुपी म्हणजे अँप्यूल ग्रेनमध्ये, पिचकारीवर खुणा मिनिमच्या आणि गावात वजन शेरात. माणसं तोलायचा काटा दवाखान्यात नव्हता. तो मागणारा अर्ज तीन वर्षं परभणीत विचाराधीन होता. म्हणून बाईला शेजारच्या शेटजींच्या आडत दुकानात न्यायचं ठरलं.

गणित मला पाठ होतं. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा. तोळा एकशेऐंशी ग्रेनचा. सात हजार ग्रेनचा पौंड. म्हणजे शेर दोन पौंडांहून किंचित जास्त. शेहेचाळीस शेरांचे पंच्याण्णव पौंड, म्हणजे त्रेचाळीस किलो. डोस त्रेचाळीस मिलिग्रॅम. एका अँप्यूलमध्ये एक ग्रेन, म्हणजे पासष्ट मिलिग्रॅम औषध, एक सीसी पाण्यात. सीसीचे सतरा मिनिम. उत्तर सव्वाअकरा मिनिम. मी पिचकारी भरायला घेतली होती.

साहेबांनी बाईच्या बरगड्यांकडे पाहिलं. "तैंतालीस किलो? ये? फिर से तोलो."

पहिल्यांदा तोललं होतं त्या पुढच्या काट्यावर आता गिऱ्हाइकं होती, म्हणून हमालांनी तिला मागच्या काट्यावर बसवलं. चौतीस शेर. आता उत्तर जेमतेम सव्वाआठ मिनिम.

ज्ञानोबा दाराशी उभा राहून हे ऐकत होता.

"सायेब, त्यात काय इचार करायलाव? पुढचा काटा इकायचा हाय, मागचा घ्यायचा. मागं आमचा माल तोलत्यात. तितं आमी बी हलकंच भरतो."

मी दुकानात जाऊन शेटजींना विचारलं. ते मुळीच गडबडले नाहीत.

"काटे दोन्ही सरळ हायेत, कंपौंडरसाहेब. वजनं तेवढी येगळी, पुढची हलकी, मागची जड. बाजाराची रीत हाय."

"खरा शेर कोणता?"

"तो कुनी मागतच न्हाई."

परत येऊन मी साहेबांना सुचवलं, दोन्हींची सरासरी काढू. चाळीस.

"दो झूठ जोड के आधा करने से सच नहीं बनता," साहेब म्हणाले. मग त्यांनी औषधाच्या खोलीतलं पाइंटाचं माप उचललं. विलायती कारखान्यात बनलेलं, कडेला सरकारी शिक्का. "पानी का वजन शेटजी के हाथ में नहीं है."

एक गॅलन पाण्याचं वजन दहा पौंड. गॅलनचे आठ पाइंट, म्हणजे पाइंट सव्वा पौंडाचा. शेर लागतच नव्हता.

शेटजींच्या दुकानात काट्याच्या एका पारड्यात चार रिकाम्या घागरी ठेवल्या. दुसऱ्यात दगड टाकून काटा बरोबर केला. मग दगडांच्या पारड्यात कोंडाबाई बसली.

"किती येळा टांगायलाव मला? मी काय सरकीचं पोतं हाय का?"

"गप बस," ज्ञानोबा म्हणाला. "पोत्याला कुनी इतक्या येळा तोलत न्हाई."

मी पाइंट मोजत घागरीत पाणी ओतत गेलो. दुकानात गर्दी जमली. शेटजी मात्र गिऱ्हाइकं सोडून आमच्याकडेच पाहत होते. चौसष्टाव्या पाइंटाला काटा सरळ झाला. दांडीचाही भरवसा नव्हता, म्हणून पारड्यांची अदलाबदल करून पुन्हा तोललं. तेच. दांडी प्रामाणिक निघाली.

ऐंशी पौंड. छत्तीस किलो. साडेनऊ मिनिम.

शेरांत ते एकोणचाळीस भरतात. माझी सरासरी एका शेराने चुकली असती. शेटजी दोन्ही दिशांना जवळपास सारखंच मारत होते, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी रक्त थांबलं. दहा दिवस साहेब रोज नाडी धरून घड्याळ बघायचे, मगच पिचकारी मागायचे. अकराव्या दिवशी कोंडाबाई स्वतः गाडीत चढली आणि नवऱ्याला बैल नीट हाकायला सांगू लागली.

पुढे बरीच वर्षं मी डोस काढले. नवीन कंपौंडरला आकडेमोड शिकवायला वेळ लागत नाही. त्या दिवशीही माझा गुणाकार-भागाकार तीनही वेळा अचूक होता. पहिल्या वेळच्या अचूक उत्तराने बाई मेली असती.